कन्व्हर्टर बदलण्याआधी इंजिनाकडे पाहा

डॅशबोर्डवर इंजिनाच्या चिन्हाचा पिवळा दिवा लागतो, स्कॅनर लावल्यावर 'पी०४२०' हा कोड दिसतो आणि गॅरेजमधून एकच उत्तर मिळते: कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातील विषारी वायू निरुपद्रवी करणारा भाग, गेला, नवा बसवावा लागेल. उत्सर्जन चाचणीची मुदत जवळ आलेली असते, खर्चाचा आकडा ऐकून पोटात गोळा येतो, आणि अशा घाईत माणूस एक तर सांगितले ते मुकाट्याने करतो किंवा मिळेल तो सर्वांत स्वस्त भाग बसवून मोकळा होतो. दोन्ही वेळा पैसे वाया जाण्याचा धोका सारखाच असतो, कारण कन्व्हर्टर खराब का झाला हा प्रश्न कोणी विचारलेलाच नसतो. हात आखडता असणाऱ्याने तर हा प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा, असे माझे ठाम मत आहे आणि ते मी किंमत मोजून बनवलेले आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या जुन्या पेट्रोल गाडीत हाच कोड आला होता. कन्व्हर्टर बदलला, चाचणीत गाडी पास झाली आणि विषय संपला असे मी समजलो. वर्ष पुरे होण्याच्या आतच दिवा पुन्हा लागला. या वेळी दुसऱ्या मेकॅनिकने तो भाग काढून मला आतली जाळी दाखवली, तेव्हा ती एका बाजूने वितळून तिची बारीक छिद्रे बुजलेली होती. दोष तिसऱ्या सिलिंडरच्या इग्निशन कॉइलचा, म्हणजे प्लगला ठिणगीसाठी वीज पुरवणाऱ्या भागाचा, होता. ती तापली की कमजोर पडत असे आणि चढावर तो सिलिंडर अधूनमधून मिस होत असे, म्हणजे त्यातले पेट्रोल न जळताच राहत असे. पहिल्या दुरुस्तीचे बिल मी घरी जाऊन शोधले, तर त्याच्या मागे 'पी०४२०' च्या खाली 'पी०३०३' असेही लिहिलेले होते. तो तिसऱ्या सिलिंडरच्या मिसफायरचाच कोड आहे. म्हणजे कारण पहिल्याच दिवशी कागदावर उतरले होते आणि त्याकडे कोणीही, मीसुद्धा, पाहिले नव्हते.

हे का घडते ते समजण्यासाठी या भागाचे काम थोडे जाणून घ्यावे लागते. धातूच्या डब्यात मधमाश्यांच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची जाळी असते आणि तिच्या असंख्य बारीक नळ्यांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा अत्यंत पातळ लेप असतो. या लेपावरून जाताना कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेल्या इंधनातील हायड्रोकार्बन यांचे ज्वलन पूर्ण होते, तर नायट्रोजनच्या ऑक्साइडमधून ऑक्सिजन वेगळा होऊन निरुपद्रवी नायट्रोजन उरतो. ही तिन्ही कामे एकाच वेळी नीट व्हायची असतील, तर इंजिनात हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण वजनाने सुमारे १४.७ ला १ याच्या अगदी जवळ राहावे लागते, आणि ते राखण्याचे काम ऑक्सिजन सेन्सरच्या मदतीने गाडीचा संगणक करतो. शिवाय कन्व्हर्टर साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याशिवाय नीट काम सुरूच करत नाही.

म्हणजे हा भाग स्वतः काही ढकलत किंवा फिरवत नाही. इंजिन जे पाठवेल ते तो निमूटपणे झेलतो. सिलिंडर मिस झाला की कच्चे पेट्रोल थेट धुराच्या नळीत जाते, तिथे कन्व्हर्टरच्या आत पेट घेते आणि तापमान इतके वाढते की आधी लेपाची क्षमता घटते व शेवटी जाळीच वितळू लागते. इंजिन तेल खात असेल, तर तेलातील झीजरोधक रसायनांमधला फॉस्फरस लेपावर थर धरतो. हेड गॅस्केटमधून कूलंट गळत असेल किंवा सेन्सरला न चालणारे सिलिकॉनचे सीलंट वापरलेले असेल, तर सिलिकॉन तेच करतो. शिसे हे जुने विष आहे. अमेरिकेत १९७५ च्या मॉडेलपासून बहुतेक मोटारींना कन्व्हर्टर आले, तेव्हा त्यांच्यासाठी बिनशिशाचे पेट्रोल पंपावर उपलब्ध करणे भाग पडले. मोटारींसाठीचे शिसेयुक्त पेट्रोल जगभरातून पूर्ण बंद व्हायला मात्र २०२१ साल उजाडावे लागले.

आता 'पी०४२०' या कोडबद्दल. 'कन्व्हर्टर बदला' असा या कोडचा अर्थ नाही. कन्व्हर्टरच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन ऑक्सिजन सेन्सर असतात. पहिल्याचा संकेत सतत वरखाली होत असतो. कन्व्हर्टर निरोगी असेल तर लेपातील सिरियम ऑक्साइड ऑक्सिजन साठवतो आणि सोडतो, त्यामुळे दुसऱ्याचा संकेत बराचसा स्थिर राहतो. दुसराही पहिल्यासारखाच नाचू लागला की संगणक कार्यक्षमता घटल्याची नोंद करतो. पण सेन्सरच्या जवळ धुराची नळी किंवा तिचे गॅस्केट गळत असेल, तर बाहेरची हवा आत खेचली जाऊन हेच चित्र दिसू शकते. पहिल्या सेन्सरच्या आधी गळती असेल, तर संगणकाला मिश्रण पातळ वाटते, तो पेट्रोल वाढवतो आणि बराच काळ तसे चालल्यास चांगला कन्व्हर्टरही बिघडतो. एका साध्या गॅस्केटचा दोष अशा रीतीने गाडीतल्या सर्वांत महागड्या भागांपैकी एकाच्या नावावर जमा होतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

म्हणून तपासणीचा क्रम ठरवून घ्यावा. साधे ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातील नोंदी वाचणारी उपकरणे) आज फारसे महाग राहिलेले नाहीत, आणि त्यावर कोडइतकीच महत्त्वाची असते ती कोड आला त्या क्षणाची नोंद: इंजिनाचे तापमान, फेरे आणि भार. ती पाहण्याआधी कोड पुसू नये. मिसफायरचा एकही कोड असेल तर प्लग, कॉइल आणि इंजेक्टर आधी पाहावेत. त्यानंतर फ्युएल ट्रिमचे, म्हणजे संगणक पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा घटवतो याचे, आकडे बघावेत. ते शून्यापासून दहा टक्क्यांहून अधिक दूर सरकून तिथेच राहत असतील, तर मिश्रणात दोष आहे आणि तो सापडेपर्यंत नव्या कन्व्हर्टरवर खर्च करू नये. तेल किती कमी होते आणि कूलंटची पातळी घटते का, हे तर कोणत्याही उपकरणाविना कळते.

खुद्द कन्व्हर्टरची परीक्षाही स्वस्तात होते. थंड असताना रबरी हातोड्याने हलके ठोकल्यावर आत खडखडाट झाला, तर जाळी फुटली आहे. गाडीचा जोर गेला असेल आणि नळी तुंबल्याचा संशय असेल, तर पहिल्या सेन्सरच्या जागी दाबमापक लावून पाहावे. इंजिनाच्या मिनिटाला २५०० फेऱ्यांवर दाब ३ पीएसआयच्या वर जात असेल तर अडथळा आहे असे समजण्यास हरकत नाही. पुढची आणि मागची बाजू किती तापते हे पाहून निष्कर्ष काढण्याची जुनी रीत मात्र मला भरवशाची वाटत नाही, कारण आधुनिक इंजिनातून जळण्यासारखे फारसे काही कन्व्हर्टरपर्यंत पोहोचतच नाही आणि त्यामुळे चांगल्या भागातही तापमानातील फरक नगण्य असू शकतो.

एवढे करूनही भाग खरोखर निकामी ठरला, तर हमीची मुदत प्रथम पाहावी. काही देशांत ती आपल्या कल्पनेपेक्षा बरीच मोठी असते. अमेरिकेत मूळ कन्व्हर्टरला ८ वर्षे किंवा ८०,००० मैल यांपैकी जे आधी होईल तोपर्यंत संघीय हमी आहे. मुदत संपली असेल तर मूळ उत्पादकाचा भाग आणि बाजारातला पर्यायी भाग यांत निवड करावी लागते. पर्यायी भाग स्वस्त असण्याचे मुख्य कारण म्हणजे त्यात मौल्यवान धातू कमी असतात, आणि म्हणूनच तो बेताचाच चालतो. माझ्या मते गाडी आणखी दोनतीन वर्षेच ठेवायची असेल आणि इंजिन निर्दोष झाले असेल, तर मान्यताप्राप्त पर्यायी भाग घेण्यात काहीच गैर नाही. मान्यतेचा शिक्का मात्र आपल्या भागातील नियमांशी जुळतो का, हे विकत घेण्याआधी तपासावे. कॅलिफोर्नियासारख्या ठिकाणी वेगळी मान्यता लागते आणि ती नसलेला भाग कितीही नवा असला तरी चाचणीत नाकारला जातो.

वेल्डिंग करून बसवायचा सार्वत्रिक (एकाच मॉडेलसाठी न बनवलेला) भाग घेतल्यास पैसे वाचतात, परंतु त्यावरील बाणाची दिशा, इंजिनाचा आकार आणि मूळ जागेचे अंतर पाळावे लागते. इंजिनापासून दूर बसवलेला कन्व्हर्टर उशिरा तापतो, आणि थंड सुरुवातीलाच तर सर्वांत जास्त धूर निघतो. जुन्या गाडीतून काढलेला वापरलेला भाग मी घेणार नाही, कारण तो कोणत्या इंजिनाने काय खाऊ घालून इथवर आणला, हे वरून दिसत नाही.

एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. काढलेला मूळ कन्व्हर्टर निकामी झाला असला, तरी त्यातील धातू बऱ्याच प्रमाणात आतच असतात, आणि पुनर्प्रक्रिया करणारे ते विकत घेतात. हा भाग चोरीला जातो तोही याच धातूंमुळे. म्हणून काम सुरू होण्याआधीच जुना भाग कोणाकडे राहणार, आणि गॅरेज तो ठेवणार असेल तर बिलातून किती रक्कम वजा होणार, हे स्पष्ट बोलून घ्यावे. मी पहिल्या वेळी ते विचारले नव्हते; दुसऱ्या वेळी विचारले आणि बिल लक्षात येण्याइतके कमी झाले.

चाचणीबद्दलही थोडे सांगतो. जिथे नळीतील वायू मोजतात, तिथे मिळणारा कागद हे नेमके निदान असते. हायड्रोकार्बन जास्त आणि कार्बन मोनॉक्साइड योग्य असेल तर ठिणगीकडे पाहावे. कार्बन मोनॉक्साइड जास्त असेल तर मिश्रण जाड आहे. भाराखाली नायट्रोजनचे ऑक्साइड जास्त आले तर ईजीआर झडप (थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारी) आणि पातळ मिश्रण यांचा विचार करावा. गाडी नापास झाली तरी तो कागद जपून ठेवावा आणि मेकॅनिकला दाखवावा. चाचणीला जाताना वीसएक मिनिटे वेगात चालवून इंजिन आणि कन्व्हर्टर पूर्ण तापवावेत, व रांगेत असताना शक्य असल्यास इंजिन सुरूच ठेवावे.

जिथे ओबीडीद्वारे चाचणी होते, तिथे आदल्या रात्री कोड पुसून काहीही साधत नाही. कोड पुसताच गाडीची स्वतःची सर्व निरीक्षणे शून्यावर येतात आणि यंत्राला 'तयार नाही' असे उत्तर मिळते. कन्व्हर्टरचे निरीक्षण पूर्ण होण्यासाठी थंड सुरुवात, काही काळ स्थिर वेग आणि मग सावकाश वेग कमी करणे अशा मिश्र वापराचे कित्येक दिवस लागू शकतात.

मागचा सेन्सर फसवणारे तुकडे किंवा जाळी फोडून रिकामा केलेला डबा यांचे समर्थन मी करू शकत नाही. अनेक देशांत तो गुन्हा आहे, वायू मोजणाऱ्या चाचणीत तो उघड होतो, आणि त्या धुरात श्वास घेणाऱ्याने आपले काहीही बिघडवलेले नसते. टाकीत ओतायच्या बाटल्यांबाबतही माझे मत कडक आहे: इंजेक्टरवरचा मळ काढणारे चांगले रसायन उपयोगी पडू शकते, पण वितळलेली जाळी किंवा उडालेला लेप कोणतेही द्रव परत आणू शकत नाही.

माझ्या गाडीत शेवटी चारही कॉइल आणि प्लग बदलले, दोन आठवडे फ्युएल ट्रिम पाहिले आणि ते शून्याच्या आसपास स्थिरावल्यावरच दुसरा कन्व्हर्टर बसवला. पहिल्या दुरुस्तीच्या वेळी हाच क्रम ठेवला असता, तर एका कन्व्हर्टरचे पैसे वाचले असते. तो दुसरा कन्व्हर्टर आता चौथ्या वर्षात आहे, आणि मी अजूनही दर महिन्याला स्कॅनर लावून मिसफायरची नोंद तपासतो.