गच्चीवर दुर्बीण घेऊन उभा असलेला माणूस हेर नसतो

परवा आत्याचा फोन. "संध्याकाळी गच्चीवर जाऊ नकोस रे." तिच्या भिशीच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय : पुण्यावरून रांगेनं जाणारे दिवे शत्रूचे ड्रोन आहेत, उपग्रह नुसत्या डोळ्यांनी दिसत नाहीत; आपण बघतोय हे कळताच ते दिवे विझवतात; उपग्रहांच्या वेळा गुप्त असतात, म्हणून गच्चीवर दुर्बीण आणि घड्याळ घेऊन उभा असलेला माणूस हेर, तो शत्रूला खुणा करतोय, 112 ला कळवा.

दिसत नाहीत म्हणे! अंतराळ स्थानक कोथरूडच्या उजेडातूनही ठळक दिसतं. ती रांग बहुधा स्टारलिंकची, म्हणजे इंटरनेट पुरवणाऱ्या उपग्रहांची. पहिले 60 उपग्रह मे 2019 मध्ये सुटले. खात्री करायची तर कोल्हापुरातल्या कुणाला त्याच मिनिटाला अंगणात उभं करा. शे-दोनशे मीटरवरचा ड्रोन दोन्ही गावांतून दिसेल का? शेकडो किलोमीटर उंचीवरची रांग दिसते.

दिवे विझवायला मुळात दिवे नसतातच. आपल्याकडे सूर्य मावळला तरी तिथं ऊन असतं, त्यात ते चमकतात. पृथ्वीच्या सावलीत शिरले की गडप.

आता हेराचं. लष्करी उपग्रहांच्या कक्षा बरेचदा जाहीर होत नाहीत, एवढं मान्य. पण एप्रिल 2010 मध्ये अमेरिकेनं एक्स-37बी हे लष्कराचं मानवरहित अंतराळयान सोडलं, कक्षा सांगितली नाही, तरी कॅनडातले टेड मोल्झान आणि देशोदेशीच्या हौशी निरीक्षकांनी महिन्याभरात ती शोधून काढली. लपूनछपून नाही, वर्तमानपत्रांत छापून आलं. रीत साधी : ठिपका कोणत्या दोन ताऱ्यांमधून गेला ते बघायचं, त्या क्षणी स्टॉपवॉच दाबायचं, आपल्या जागेचे अक्षांश-रेखांश जोडायचे. अशा बऱ्याच नोंदींवरून कक्षा मांडता येते. यात खुणा कुठे आल्या? दुर्बीण उजेड आत घेते, बाहेर फेकत नाही. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था 1944 पासून लोकांना आकाश बघायला शिकवतेय, ते सगळे हेर?

मला राग याचा, की हा मेसेज वाचून शेजारच्या सोसायटीत दहावीतल्या एका मुलाला रविवारी अर्धा तास गेटपाशी अडवून ठेवलं. वही हिसकावली, आतल्या वेळांच्या नोंदींचे फोटो काढले. त्याच्या आईनं घाबरून दुर्बीण माळ्यावर टाकली आहे. ती खाली काढा म्हणून सांगायला उद्या मी त्यांच्याकडे जातोय, आत्यालाही सोबत घेऊन.