जवसाचं तेल आणि बीपीची गोळी : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा, सविस्तर लिहिलंत ते बरं केलंत, निदान मुद्द्यांवर बोलता येतं. तुमचं म्हणणं असं की जवसाच्या तेलाने बीपी उतरतं हे कॅनडाच्या अभ्यासात सिद्ध झालंय, मी उगाच लोकांना घाबरवतेय, तुमच्या आजीने जन्मभर याच तेलाची फोडणी दिली, आणि तुम्ही आईला जवस तेलाच्या कॅप्सूल सुरू करून तिची बीपीची गोळी अर्धी केलीत.

गोळीचं आधी बोलू. ती आजपासून परत पूर्ण करा, आणि डोस बदलायचा असेल तर डॉक्टरांनाच बदलू दे. बाकी वाद आपण निवांत घालू.

आता तो अभ्यास. विनिपेगचा आहे, 2013 साली आला, आणि चांगलाय, मी नाकारत नाहीच. पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेले 110 पेशंट होते, त्यातल्या अर्ध्याअधिक लोकांना सहा महिने रोज 30 ग्रॅम जवस दिलं आणि दुसऱ्या गटाच्या तुलनेत त्यांचं वरचं बीपी साधारण 10 ने कमी भरलं. पण दिलं काय होतं? दळलेलं जवस, मफिन-पास्ता असल्या पदार्थांत घालून. तेल नाही, कॅप्सूल तर नाहीच. आणि ते जवस गोळ्यांच्या जागी दिलेलं नव्हतं.

तुम्ही म्हणाल तेल म्हणजे जवसाचं सत्त्वच की. तसं नाहीये ना! घाण्यातून तेल निघतं तेव्हा चोथा म्हणजे फायबर सगळं पेंडीत राहतं, लिग्नान नावाचे जे घटक जवसात भरपूर असतात तेही बहुतेक पेंडीतच, म्हणजे चांगल्यातलं बरंचसं गुरं खातात. तेलात उरतं ते मुख्यतः एएलए, वनस्पतीतलं ओमेगा-3, तेलाच्या निम्म्याहून थोडं जास्त. ते उपयोगी आहेच, पण माशातलं जे ओमेगा-3 (ईपीए-डीएचए) असतं त्यात आपलं शरीर एएलएचं फार थोडं रूपांतर करतं. म्हणून "शाकाहारी फिश ऑइल" असं डबीवर वाचलं की मला हसू येतं. आणि हजार मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये एएलए जेमतेम अर्धा ग्रॅम, तर चहाच्या एका चमचा तेलात अडीच ग्रॅमच्या आसपास, मग पैसे कशाचे देतोय आपण, जिलेटिनचे?

आजीच्या फोडणीबद्दल. विदर्भात हे तेल स्वयंपाकात होतंच, कोण नाही म्हणतंय. पण घाण्यावरून ताजं थोडं आणायचं आणि लगेच संपवायचं, अशी ती रीत. हे तेल हवा, उजेड, उष्णता तिन्हीने लवकर खराब होतं, शंभर-एकशेदहा अंशालाच धुरायला लागतं, म्हणून मी म्हणते की वरून घ्या, चटणीवर, भाकरीवर, आमटी ताटात वाढल्यावर. बाटली छोटी आणि गडद रंगाची बघा, फ्रीजमध्ये ठेवा (गोठत नाही, काळजी नको), आणि ताज्या रंगकामासारखा वास यायला लागला की सरळ टाका. हार्डवेअरच्या दुकानातलं क्रिकेटच्या बॅटला लावायचं डबल बॉइल्ड जवसाचं तेल स्वस्त पडतं म्हणून एकाने खायला आणल्याचं मला इथेच कुणीतरी लिहिलं होतं, बाबांनो, त्यात लवकर वाळावं म्हणून धातूंचे क्षार घातलेले असतात, ते पोटात घ्यायचं नाही!

"नैसर्गिक आहे, साइड इफेक्ट कसला" हे तर सोडाच. जास्त घेतलं की पोट बिघडतं, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा ऑपरेशन ठरलं असेल तर डॉक्टरांच्या कानावर घालायचं, गरोदरपणात कॅप्सूल मनाने सुरू करायच्या नाहीत.

आईंना जवस द्यायचंच असेल तर भाजून कुटून चटणी द्या, मीठ जपून घाला, पाणी भरपूर प्यायला सांगा. आणि आठवडाभर सकाळ-संध्याकाळ बीपी मोजून वहीत लिहा, कॅप्सूलची डबीपण सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा. काय म्हणाले ते इथे नक्की कळवा.