अरुंद नळीची चकमकी रायफल : एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

तोंडाकडून ठासायच्या आणि चकमकीने पेटणाऱ्या रायफलीवरील माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल प्रथम आभार मानतो. आपले म्हणणे थोडक्यात असे : 6.4 मिलिमीटर व्यासाची नळी म्हणजे मोठ्या रायफलीची खेळण्यातली नक्कल. दारू आणि शिसे कमी लागत असल्यामुळे तिची बांधणी उलट सोपी असायला हवी, आणि मी अडचणींचा बाऊ केला आहे. एवढा लहान व्यास टोपीच्या (म्हणजे आघाताने पेटणारी स्फोटक टोपी लावलेल्या) बंदुकांच्या काळातला असल्यामुळे त्याला चकमक जोडणे इतिहासाला धरून नाही. नळी आणि चकमकीची यंत्रणा विकत घेतल्यावर ‘बनवली’ असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. शिवाय, अशी रायफल हलकी होते हे माझे विधान चुकीचे आहे.

शेवटचा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे, म्हणून तो आधी घेतो. नळीची बाहेरची जाडी तीच ठेवून आतले भोक लहान केले, तर कमी पोलाद कोरले जाते आणि नळी जड राहते. एक मीटर लांबीच्या नळीला 12.7 मिलिमीटरऐवजी 6.4 मिलिमीटरचे भोक पाडले, तर सुमारे 740 ग्रॅम पोलाद जास्त उरते. ते वाक्य लिहिताना माझ्या मनात गोळ्यांची पिशवी होती, रायफल नव्हती. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे.

आता बांधणी सोपी की अवघड या मुख्य मुद्द्याकडे येतो. व्यास निम्मा केला की गोळीचे वजन निम्मे होत नाही, ते एक-अष्टमांश होते. माझ्या नळीत चिंधीसकट (गोळीभोवतीच्या कापडासकट) बसणारी गोळी सुमारे 6.1 मिलिमीटरची असून तिचे वजन जेमतेम 1.35 ग्रॅम भरते. शिसे वाचते हे खरेच. पण हलकी गोळी हवेत वेग लवकर गमावते, वाऱ्याने सहज ढळते, आणि दारू मोजताना होणारी किंचितशी चूकही एका बाराला लागणाऱ्या एकूण दारूच्या मानाने मोठी ठरते. मोठ्या रायफलीत जी चूक लक्षातही येत नाही, तीच येथे निशाणीवर स्पष्ट दिसते.

खरा त्रास मात्र गजाचा, म्हणजे दारू-गोळी नळीत ठासायच्या दांड्याचा आहे, आणि त्याविषयी मी मूळ लेखात जेवढे लिहिले ते कमीच होते, असे मला आता वाटते. 6.4 मिलिमीटरच्या नळीत जाणारा लाकडी गज साडेपाच मिलिमीटरच्या आसपास ठेवावा लागतो. दांड्याची जाडी निम्मी झाली, की त्याची वाकण्याला विरोध करण्याची ताकद सोळाव्या हिश्श्यावर येते. त्यात काळी दारू जळल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घनरूप राखेच्या स्वरूपात उरतो. त्यातला काही नळीत चिकटतो आणि हवेतला ओलावा शोषून घेतो. या थराची जाडी एक दशांश मिलिमीटर धरली, तर 12.7 मिलिमीटरच्या नळीतली सुमारे 3 टक्के जागा अडते, माझ्या नळीतली 6 टक्क्यांहून अधिक. म्हणजे ठासायला जोर जास्त हवा आणि तो जोर देणारा गज मात्र काडीसारखा, अशी ही पंचाईत आहे. माझे दोन गज मोडले. पहिला गज रेषा तिरप्या गेलेल्या लाकडाचा होता, त्यामुळे तो दोष माझ्या निवडीचा. दुसरा सरळ रेषांचा असूनही मोडला, कारण तो मी वरून लांब धरून दाबत होतो. आता नळीच्या तोंडापासून वीतभर अंतरावर धरून थोडाथोडा खाली नेतो आणि प्रत्येक बारानंतर ओलसर फडके फिरवतो. मोठ्या नळीत चार-पाच बार न पुसता निभावतात. येथे ती चैन नाही.

दुसरी गोष्ट नळीच्या कानाची, म्हणजे ज्या छिद्रातून रंजकाची (नळीबाहेर ठिणगीने पेटणाऱ्या चिमूटभर दारूची) ज्वाळा आत जाते त्याची. हे छिद्र नळीच्या प्रमाणात लहान करता येत नाही, कारण ज्वाळेला शिरायला जागा लागतेच. साधारण 1.7 मिलिमीटरचा कान 12.7 मिलिमीटरच्या नळीच्या छेदाच्या 2 टक्क्यांहूनही कमी असतो. माझ्या नळीत तोच सुमारे 7 टक्के होतो, आणि बार उडताना तेवढ्या वाटेने वायू बाहेर निसटत राहतो. शिवाय 19 मिलिमीटरच्या बाह्य जाडीत 6.4 मिलिमीटरचे भोक असले, की भिंत 6.3 मिलिमीटरची होते आणि कान तेवढाच लांब होतो. एवढ्या लांब, अरुंद बोळात दारू भरली गेली, तर ती वातीसारखी हळूहळू जळते आणि चाप ओढणे व बार उडणे यांच्यातला विलंब वाढतो. म्हणून कानात आतून शंकूसारखी रुंद केलेली पोलादी नळकी बसवावी लागते, म्हणजे मुख्य दारू रंजकाच्या अगदी जवळ येते. आपण ज्याला बाऊ म्हणता, तो बहुतांशी या अर्ध्या सेंटिमीटरचा आहे.

चकमकीची यंत्रणाही रायफलीला शोभेल अशी चिमुकली घ्यायला हवी होती, असे आपण सुचवता. दिसायला ती शोभली असती. परंतु ठिणगी म्हणजे गारगोटीच्या धारेने खरवडलेला पोलादाचा तापलेला कण असतो, आणि तो पडावा यासाठी कमानीचा (यंत्रणेतल्या स्प्रिंगचा) जोर, पोलादाचा कडकपणा व गारगोटीची धार या तिन्ही गोष्टी लागतात. नळी केवढी आहे याच्याशी त्यांचा संबंध नाही. चिमुकल्या यंत्रणेत कमान मऊ आणि गारगोटी आखूड होते, मग रंजक पेटतच नाही. म्हणून मी मध्यम आकाराची निवडली आणि दस्त्याची (रायफलीच्या लाकडी भागाची) कमनीयता थोडी गमावली.

इतिहासाविषयी आपले म्हणणे अर्धे बरोबर आहे. अमेरिकेतल्या अठराव्या शतकातील लांब रायफली बहुधा बऱ्याच मोठ्या व्यासाच्या होत्या, आणि मोठी शिकार विरळ झाल्यावर, एकोणिसाव्या शतकात, खारींसारख्या लहान शिकारीसाठी लहान व्यास लोकप्रिय झाला. स्कॉटिश पाद्री अलेक्झांडर फोरसिथ यांचे आघाताने पेटणाऱ्या दारूचे पेटंट 1807 सालचे. टोप्या त्यानंतर आल्या. पण म्हणून पूर्व अमेरिकेतल्या ॲपलाचियन डोंगराळ भागातल्या कारागिरांनी चकमक लगेच टाकून दिली असे नाही. तेथे ती पुढेही दीर्घकाळ वापरात राहिली, आणि पुष्कळ चकमकी रायफली नंतर टोपीच्या करून घेण्यात आल्या. आणखी एक : झिजलेल्या नळीतील पिळदार खाचा नव्याने कोरून घेण्याची तेव्हा रीत होती, आणि तसे करताना व्यास दर वेळी थोडा वाढे. त्यामुळे आज एखाद्या जुन्या नळीचे मोजलेले माप हे तिचे जन्माचे माप असेलच असे नाही. माझी रायफल अमुक एका जुन्या नमुन्याची प्रतिकृती आहे असा दावा मात्र मी केलेला नाही.

राहिला ‘बनवली’ हा शब्द. दाब-चाचणी झालेली तयार नळी घेणे हा माझ्या मते आळस नव्हे, शहाणपण आहे. आणि कायद्याने परवानगी असेल तेथेच, परवाना घेऊनच या कामाला हात घालावा, हे मी पहिल्याच परिच्छेदात लिहिले होते. त्या काळचे अमेरिकी कारागीरसुद्धा चकमकीच्या यंत्रणा पुष्कळदा इंग्लंड-जर्मनीहून आलेल्या वापरत. दस्ता ओंडक्यातून काढणे, नळी त्यात केसभरही फट न ठेवता बसवणे, यंत्रणेची खाच खोदणे आणि कानाची जागा नेमकी रंजकाच्या पेल्यासमोर आणणे, एवढे माझे आहे. आपण याला ‘जोडली’ म्हणावे, माझी तक्रार नाही.

कान 1.7 ऐवजी 1.5 मिलिमीटरचा ठेवून पाहा, या आपल्या सूचनेवर मात्र मी विचार करतो आहे. नळकी आट्यांची असल्यामुळे ती बदलता येते. दोन्ही नळक्यांनी प्रत्येकी पंचवीस बार काढून त्यांतले किती फुसके गेले, हे याच पानावर नोंदवीन.