'सगळ्या इंदियोंचे चेहरे सारखेच' : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

रोसारियो कास्तेयानोस या मेक्सिकन लेखिकेवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया दोन दिवस डोक्यात घोळते आहे. उत्तर जरा लांबेल, कारण तुमचे काही आक्षेप मला मान्य आहेत, एक अजिबात मान्य नाही, आणि एकावर माझ्याकडे उत्तर नाही.

इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. मी जिला दक्षिण मेक्सिकोतल्या 'चियापासच्या आदिवासींचा आवाज' म्हटलं, ती जमीनदाराची लेक होती आणि तिचं लेखन म्हणजे वरच्यांची सहानुभूती. 'बालून कानान' या कादंबरीच्या शेवटी ती 'सगळ्या इंदियोंचे (म्हणजे आदिवासींचे) चेहरे सारखेच असतात' असं लिहून मोकळी होते. बाहेर आदिवासींना साक्षर करायला निघालेल्या या बाईच्या घरातली मोलकरीण मात्र निरक्षर राहिली. स्त्रियांच्या हक्कांवर बोलणारी ही लेखिका नवऱ्याला मिनतवाऱ्या करणारी पत्रं लिहीत होती. आणि त्लातेलोल्कोच्या, 1968 सालच्या विद्यार्थ्यांच्या हत्याकांडावर कविता लिहूनही तिने राजदूतपद स्वीकारलं.

'आवाज' हा शब्द मी मागे घेते. तो चुकलाच. त्सोत्सिल आणि त्सेल्ताल या तिथल्या माया भाषा बोलणाऱ्या माणसांना त्यांचा आवाज आहे, तो कोणी उसना द्यायची गरज नाही. आपल्याकडे दलित लेखकांनी सहानुभूती आणि स्वानुभव यांतला फरक इतका ठणकावून सांगितल्यावर मी असं लिहायला नको होतं.

पण मग रोसारियोच्या पुस्तकांचं मोल कशात आहे? माझ्या मते, ती जमीनदाराच्या वाड्यातून, आतून लिहिते यातच. तिचा जन्म 1925चा, मेक्सिको शहरातला, पण बालपण चियापासमधल्या, ग्वातेमालाच्या सीमेजवळच्या कोमितान गावात गेलं. घरची जमीन मोठी, राबणारे हात आदिवासींचे. लासारो कार्देनास राष्ट्राध्यक्ष असताना जमिनींचं फेरवाटप झालं, त्यात घराण्याची बरीच जमीन गेली आणि कुटुंब राजधानीत आलं. धाकटा भाऊ लहानपणीच वारला. गेला तो मुलगा आणि उरली ती मुलगी, हे त्या घरातलं दुःख तिला लहान वयातच कळलं होतं. एकाच घरात ती मालकीणही होती आणि नकोशीही. 'बालून कानान' ही 1957 सालची कादंबरी या दोन्ही जागांवरून लिहिलेली आहे.

आता त्या वाक्याकडे येते, कारण तिथेच माझा तुमच्याशी खरा मतभेद आहे.

कादंबरीच्या पहिल्या आणि तिसऱ्या भागात सात वर्षांची एक मुलगी गोष्ट सांगते. तिला नाव नाही. तिला सांभाळणाऱ्या आदिवासी दाईलाही नाव नाही, ती फक्त 'नाना'. नाव आहे ते भावाला, मारियोला. पहिल्याच पानावर नाना सांगत असते की ते आले, चिडले आणि आमच्याजवळचा ठेवा, आमचा शब्द, हिसकावून घेऊन गेले. मुलगी म्हणते, ही गोष्ट नको सांगूस. नाना उलट विचारते, मी काय तुझ्याशी बोलत होते? बडीशेपेच्या दाण्यांशी कोणी बोलतं का? मला हा संवाद फार आवडतो. दाणा एवढासा आहे, मांडीवर बसलेला आहे, नानाचा लाडका आहे, पण तो 'त्यांच्यातला' आहे आणि हे नानाला पक्कं ठाऊक आहे.

पुढे नानाला घराबाहेर काढलं जातं, कारण मारियोवर मांत्रिकांची नजर आहे असं ती बोलून दाखवते. मारियो खरंच मरतो. शेवटच्या पानांवर मुलीला रस्त्यात एक आदिवासी बाई दिसते. नानाच असेल म्हणून मुलगी धावत जाते, पण ती नाना नसते. तेव्हा मुलीच्या मनात येतं की नाना पुन्हा भेटली तरी मला ओळखू येणार नाही, ताटातूट होऊन फार दिवस झाले, आणि शिवाय सगळ्या इंदियोंचे चेहरे सारखेच असतात.

हे वाक्य त्या मुलीचं आहे, आणि ते 'शिवाय' या शब्दाला जोडून येतं. जिच्या मांडीवर ती वाढली, जिच्या तोंडून तिने सगळ्या गोष्टी ऐकल्या, तिचा चेहरा तिला आता आठवत नाही, आणि त्या विसरण्याला सबब म्हणून वाड्यातल्या मोठ्यांचं वाक्य तिच्या हाताशी तयार आहे. मग ती घरी जाते आणि विटांवर, भिंतींवर, वहीच्या पानांवर मारियोचं नाव लिहीत सुटते. नानाचं नाव लिहिता येत नाही, कारण ते तिला कधी माहीतच नव्हतं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बसून राहिले होते. आमच्या आजोळी मला खेळवायला ठेवलेली एक पोर होती, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी. आम्ही तिला नुसतं 'ए' म्हणून हाक मारायचो. तिचं नाव मी आजवर कोणाला विचारलेलं नाही.

लेखिकेला ते वाक्य गाळता आलं असतं. नाना भेटते, दोघी मिठी मारून रडतात, असा शेवट वाचकांनी आनंदाने घेतला असता. तिने तो केला नाही. म्हणून ते वाक्य तिच्या विरोधातला पुरावा म्हणून मला पटत नाही.

कादंबरीतली शाळाही आठवून पाहा. मळ्यातल्या मुलांसाठी मालकाने शाळा काढायची असा कायदा येतो, तेव्हा मालक सेसार, म्हणजे त्या मुलीचा बाप, आपल्या अनौरस पुतण्याला, एर्नेस्तोला, मास्तर म्हणून नेतो. त्याला त्सेल्ताल येत नाही. तो मुलांपुढे ब्रिस्टल कंपनीचं पंचांग वाचत बसतो. कायदा कागदावर कसा पाळतात हे ज्या घरात ठरतं त्याच घरातल्या मुलीने ते लिहिलं आहे, आणि इतक्या बारकाईने ते तिथूनच दिसतं.

मोलकरणीबद्दल तुम्ही लिहिलंत ते खरं आहे. माझ्या लेखात ते नव्हतं, हा माझा दोष. कोमितानच्या सुखवस्तू घरांत मुलाला कडेवर घ्यायला, त्याच्याशी खेळायला, त्याचा राग काढायला एक आदिवासी पोर ठेवायची पद्धत होती. त्या पोरीला 'कार्गादोरा' म्हणत. रोसारियोला अशी मारिया एस्कान्दोन दिली गेली आणि ती रोसारियोच्या लग्नापर्यंत तिच्याजवळ राहिली. 1956च्या सुमारास रोसारियो चियापासमधल्याच सान क्रिस्तोबाल दे लास कासासला राष्ट्रीय आदिवासी संस्थेत काम करायला गेली. तिथे पेतूल नावाच्या बाहुल्याचे खेळ होत. ही स्पॅनिशमध्ये संहिता लिही, आदिवासी कलाकार त्या आपल्या भाषेत आणत, आणि ही मंडळी डोंगरातल्या वाड्या-वस्त्यांवर जाऊन लसीकरण, स्वच्छता, शाळा यांवर खेळ करत. मारियाला अक्षर शिकवावं हे मात्र तिच्या मनातही आलं नाही.

हे आपल्याला कळतं, कारण ते रोसारियोने स्वतः लिहिलं आहे. मारिया पुढे सान क्रिस्तोबालला गेरत्रूद दूबी या छायाचित्रकार-संशोधक बाईंकडे कामाला गेली. इतकी वर्षं जवळ असूनही हिला लिहिता-वाचता येत नाही हे पाहून दूबींना धक्का बसला. तो सगळा प्रकार रोसारियोने 'एक्सेल्सिओर' दैनिकातल्या आपल्या सदरात मांडला, मारियाच्या नावासकट, आणि चुकीची कबुली दिली. याने मारियाची वर्षं भरून निघाली असं मी म्हणणार नाही. पण आपण जगाचे उद्धारक म्हणून हिंडत होतो आणि घरातलं माणूस दिसलं नाही, हे देशातल्या मोठ्या दैनिकात लिहायला किती लेखक तयार होतील?

पत्रांबद्दल माझं मत वेगळं आहे. रिकार्दो गेर्राशी तिचं लग्न 1958 साली झालं, घटस्फोट 1971 साली. पत्रं तिच्या मृत्यूनंतर, 1994 साली पुस्तकरूपाने आली, आणि ती वाचताना जीव तुटतो हे खरं. पण बाईला आपल्या दुःखाचं कारण कळतं म्हणून ती त्यातून लगेच सुटत नाही. उलट तिची समज तिथूनच आली असं मला वाटतं. 'स्वयंपाकाचा धडा' या अर्थाच्या शीर्षकाची तिची एक कथा आहे. नवी नवरी, शिकलेली, ओट्यापाशी उभी. हातात गोठलेल्या मांसाचा तुकडा. तो भाजता भाजता आक्रसत जातो, करपतो, आणि तिच्या डोक्यात एकच घोळत राहतं: आता नवऱ्याला काय सांगू? तुकडा खिडकीतून फेकून देऊ आणि काही झालंच नाही असं दाखवू? सगळी कथा एवढीच, आणि त्यात सबंध लग्न येतं. फेब्रुवारी 1971मध्ये मानवशास्त्र संग्रहालयात, राष्ट्राध्यक्षांसमोर, तिने बायकांच्या त्यागवृत्तीला वेडा सद्गुण म्हटलं. ते तिचं भोगून झालेलं होतं.

राहिला राजदूतपदाचा प्रश्न. 2 ऑक्टोबर 1968ला त्लातेलोल्कोच्या चौकात विद्यार्थ्यांवर गोळ्या चालल्या तेव्हा लुईस एचेवेर्रिया गृहमंत्री होते. दुसऱ्या दिवशी चौक झाडून काढलेला आणि वर्तमानपत्रांत मुख्य बातमी हवामानाची, हे रोसारियोच्या त्या कवितेतलंच आहे. तेच एचेवेर्रिया पुढे राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्यांच्याच काळात, 1971 साली, ती इस्राएलमध्ये राजदूत म्हणून गेली. तिथे तिने मन लावून काम केलं, विद्यापीठात शिकवलं, आणि 7 ऑगस्ट 1974 रोजी तेल अवीवमधल्या घरी दिव्याचा विजेचा धक्का बसून ती गेली. वय 49. तुम्ही विचारता, ते पद तिने का घेतलं? तिच्या बाजूने काही मांडावं असं पुष्कळ वाटलं, पण कविता आणि नेमणूक शेजारी ठेवली की माझ्याच्याने बोलवत नाही. तुमचा आक्षेप मी तसाच राहू देते.

मूळ लेखातली 'आवाज' असलेली ओळ आज काढली आहे, आणि मारिया एस्कान्दोनवर एक परिच्छेद जोडला आहे. वाचून तुम्हाला काय वाटतं ते जरूर कळवा.