‘जीसीसी नाहीतर क्लँग, काहीही चालतं’? नाही चालत!

‘सोर्सवरून पॅकेज बांधताना जीसीसी काय नि क्लँग काय, दोन्ही सारखेच. डिपेंडन्सीत “हा किंवा तो” लिहा आणि मोकळे व्हा.’ जीसीसी आणि क्लँग हे दोन कंपायलर, म्हणजे लिहिलेल्या कोडचा (सोर्सचा) मशीनवर चालणारा प्रोग्राम बनवणारे; डिपेंडन्सी म्हणजे पॅकेजला लागणाऱ्या इतर पॅकेजांची नोंद. मालवण-कुडाळकडे जेंटू (पॅकेजं सोर्सवरून बांधणारी लिनक्स) वापरणारे आम्ही मोजकेच, पण हा सल्ला आमच्यात इतका फिरलाय की नवी पोरं तो नियम म्हणूनच शिकतायत. म्हणून एकदा नीट उत्तर देतो.

‘किंवा’ लिहिलं की झालं? इथंच घोळ आहे. ‘किंवा’च्या कंसात लिहिलेल्यांतलं एखादं पॅकेज मशीनवर सापडलं की पोर्टेजच्या (जेंटूच्या पॅकेज बसवणाऱ्या प्रोग्रामच्या) लेखी अट पूर्ण. बिल्डमध्ये प्रत्यक्ष कोणता कंपायलर चालणार ते मात्र सीसी (सी भाषेसाठी) आणि सीएक्सएक्स (सी++साठी) ही व्हेरिएबल ठरवतात, आणि त्यांना त्या कंसाची गंधवार्ताही नसते. माझ्याकडे दोन्ही कंपायलर होते, सीसी जीसीसीवर. सोर्सला हवा होता ‘-एफब्लॉक्स’ हा क्लँगचा फ्लॅग, म्हणजे कंपायलरला द्यायची सूचना. जीसीसीने तो ओळखलाच नाही, पहिल्याच फाइलवर बिल्ड बंद. डिपेंडन्सीची तक्रार शून्य! क्लँगच लागत असेल तर बीडिपेंडमध्ये (बांधताना लागणाऱ्या पॅकेजांच्या यादीत) फक्त क्लँग लिहा आणि त्याच ईबिल्डमध्ये (पॅकेज कसं बांधायचं ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) सीसी, सीएक्सएक्सही क्लँगवर वळवा. एक केलं नि दुसरं राहिलं तर उपयोग नाही.

‘दोन्ही सारखेच’ हे साध्या सी कोडपुरतं बरंचसं खरं आहे. सी++ला नाही. सी++ची मूळ लायब्ररीच दोघांची निराळी: जीसीसीची लिबएसटीडीसी++ वेगळी, एलएलव्हीएमची (क्लँग ज्या प्रकल्पातला आहे त्याची) लिबसी++ वेगळी. दोघींतल्या स्ट्रिंगची (मजकूर साठवणाऱ्या प्रकाराची) मेमरीतली मांडणी जुळत नाही, सिम्बॉलची (फंक्शन वगैरेंची) नावंही जुळत नाहीत. लिनक्सवर क्लँग सहसा जीसीसीचीच लायब्ररी उचलतो, म्हणून अनेकांच्या हे लक्षातच येत नाही. गेल्या पावसाळ्यात मी एक प्रोग्राम मुद्दाम लिबसी++ लावून बांधला आणि त्याचं बायनरी (आधीच बांधलेलं) पॅकेज पेनड्राइव्हवर घालून एसटीने कुडाळला मित्राकडे नेलं. त्याच्याकडे वीज इतकी जाते की मोठं बिल्ड तडीस जातच नाही. पॅकेज बसलं, पण प्रोग्राम उघडेना: लिबसी++ सापडत नाही. मी ती फक्त बीडिपेंडमध्ये लिहिली होती, आरडिपेंडमध्ये नाही. चालवताना लागणारी गोष्ट ‘बांधायला लागते’ म्हणून नोंदवली, आणि त्याची दुपार फुकट गेली. मला ते अजून टोचतं.

‘मग सगळीकडे एकच कंपायलर सक्तीचा करा’ असंही वर ऐकवतात. त्याची गरज नाही. फ्रीबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमने २०१४ साली १०.० आवृत्तीत इंटेल प्रकारच्या मशीनवर क्लँग मुख्य कंपायलर केला, तरी त्यांच्या पोर्ट्समध्ये (सोर्सवरून पॅकेज बांधायच्या व्यवस्थेत) कंपायलरचं नाव न घेता ‘सी++११ समजणारा हवा’ एवढंच लिहिता येतं. सिस्टिममधला पुरत असेल तर तोच वापरला जातो, नाहीतर दुसरा आणला जातो. पीकेजीएसआरसी या अशाच आणखी एका व्यवस्थेतही सी++ची हवी ती आवृत्ती अशीच मागता येते.

‘किंवा’ लिहायचंच असेल तर आधी दोन्हींनी बांधून, चालवून बघा. तुमच्या ईबिल्डने उगाच एलएलव्हीएम ओढून आणलं, तर जुन्या लॅपटॉपवर अख्खी दुपार त्यातच जाते, आणि मध्येच लाइट गेली की इमर्ज (पॅकेज बांधायची पोर्टेजची आज्ञा) पुन्हा पहिल्यापासून.