पिवळ्या बसचं कौतुक

आमच्या रत्नागिरीकडच्या वाडीच्या ग्रुपवर महिनाभर एकच विषय चाललाय. जिल्हा परिषदेच्या शाळेचा पट सातवर आलाय, गुरुजी दोन आहेत, आणि शाळा पाच किलोमीटरवरच्या केंद्रशाळेत विलीन करायची म्हणतात. विरोध करणारे गावातच राहणारे चारजण. बाजू घेणारे सगळे डोंबिवली, दिवा, नालासोपाऱ्याचे. त्यात माझा चुलतभाऊ, आमचा दादा, सगळ्यांच्या पुढे. मंगळवारी त्याने लिहिलं, "सात पोरांसाठी दोन मास्तर पोसायचे? कॅनडात बघा, पोरं पिवळ्या बसने तीस-तीस मैल जातात. विचारा आपल्या माणसाला."

आपला माणूस म्हणजे मी. मला कुणी विचारलं नाही.

तर न विचारता सांगतो. ती पिवळी बस माझ्या दारात येते, सकाळी सव्वासातला. कॅनडातल्या सस्कॅचेवन प्रांतात, जिथे मी राहतो, डिसेंबरात सूर्य नऊनंतर उगवतो, म्हणजे मुलगी काळोखात चढते. आमच्या गावातून चारच मुलं, पण बस ग्रिड रोडने, म्हणजे शेतांमधल्या चौकटी रस्त्यांनी, शेताशेतांवर फिरत जाते, त्यामुळे पाऊण तास तरी जातोच. पारा उणे चाळीसपर्यंत गेला की बस येत नाही. बाकी सोय चांगली आहे, खोटं कशाला बोलू? रस्ते पट्टीने आखल्यासारखे, मैलामैलावर काटकोनात, ना चढ ना वळण. वाडीच्या रस्त्यावर दोन वहाळ आणि एक घाटी आहे, आणि जुलैत एसटीसुद्धा फाट्यावरूनच परत फिरते, हे दादाला माहीत नाही असं नाही. तो त्याच घाटीतून पावसात चालत शाळेत गेलाय.

बस आली म्हणून गाव टिकलं, असं मात्र इथे झालेलं नाही. या गावातली शाळा आम्ही येण्याच्या कितीतरी आधी बंद झाली. त्या इमारतीत आता एकजण जुने ट्रॅक्टर ठेवतो. गावात आम्ही 47 माणसं, त्यात साठीच्या आतले किती ते मी बोटांवर मोजू शकतो. नवं कुटुंब घर बघायला येतं, घर स्वस्त म्हणून खूश होतं, शाळा कुठे विचारतं, आणि परत येत नाही. आम्ही आलो कारण माझी नोकरी इथून वीस मिनिटांवर होती आणि सस्काटून शहरातलं भाडं परवडत नव्हतं.

ही गावं मुळात रेल्वेच्या हिशोबाने वसली. आधी इथल्या मूळच्या क्री लोकांना करार करून राखीव जमिनींवर सरकवलं. वसायला येणाऱ्यांना सरकारने 1872 च्या कायद्याने दहा डॉलरात 160 एकर देऊ केलेच होते. घोडागाडीने धान्य घालून दिवसात परत यायला हवं, म्हणून आठ-दहा मैलांवर एक स्टेशन, स्टेशनाला लाकडी एलिव्हेटर, म्हणजे धान्याचं उंच कोठार, एलिव्हेटरभोवती गाव. 1936 साली या प्रांतात 1,42,000 शेतकरी कुटुंबांची शेतं होती. 2021 च्या गणतीत उरली 34,000, आणि एकेकाची सरासरी सतराशे एकरांच्या वर. माणसं कमी, जमीन तेवढीच. 1897 पासून धान्याच्या रेल्वेभाड्याला जी सवलत होती तिचा शेवटचा धागा 1995 मध्ये तुटला. मग आडलाइनी उखडल्या, लाकडी एलिव्हेटर पाडले, आणि मोठ्या लाइनीवर धान्याची काँक्रीटची टर्मिनलं उभी राहिली. त्याआधीच, 1993 मध्ये, प्रांताने खेड्यांतली 52 हॉस्पिटलं बंद केली किंवा त्यांची आरोग्यकेंद्रं केली. 2017 मध्ये सरकारी बससेवाही बंद झाली, म्हणजे इथली एसटीच म्हणा. आता गाडी चालवता येत नसलेल्या म्हातारीने डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं तर शेजाऱ्याचं तोंड बघायचं.

प्रत्येक वेळी हिशोब बरोबरच होता. इतक्या कमी माणसांसाठी एवढा खर्च? दादाचंच वाक्य, फक्त इंग्रजीत.

आणि मी नोकरी करतो त्या काँक्रीटच्या टर्मिनलमध्येच. ट्रेमध्ये मसूर पसरून डागी दाणे मोजतो. डोंबिवलीत दादाच्या ताटात जी आमटी असते तिच्यातला एखादा दाणा माझ्या हाताखालून गेला असेल. 2017 च्या डिसेंबरात भारताने मसुरावर 30 टक्के आयातशुल्क लावलं, तेव्हा कॉफी रोवरचे, म्हणजे रोज कॉफीला जमणाऱ्या कट्ट्यावरचे म्हातारे मलाच जाब विचारत होते, "तुमच्या सरकारचं चाललंय काय?" जणू मी दिल्लीला फोन करून आलोय. इकडे मी भारत सरकारचा वकील आणि तिकडे ग्रुपवर कॅनडाचा दाखला.

एक गोष्ट मात्र इथल्यांची मानतो. ऑक्टोबरात फाउल सपर असतं, म्हणजे गावाचं वर्गणीचं सामुदायिक जेवण. पन्नासही माणसं नसलेलं हे गाव अडीचशे-तीनशे जणांना टर्की आणि गोड 'पाय' जेवू घालतं, आणि त्या पैशांतून रिंकचं, म्हणजे बर्फावर खेळायच्या मैदानाचं, विजेचं बिल भरतं. रिंकवर खेळणारी पोरं शेजारच्या गावांतून येतात, तरी भरतं. आमचं मुंबई मंडळ वर्गणी गोळा करतं ती देवळाच्या सभामंडपासाठी. तीन वर्षांत दोनदा फरशी बदलली. शाळेचा पत्रा गळतो तो गळतोच. हे लिहिताना आठवलं, देणगीदारांच्या संगमरवरी पाटीवर माझंही नाव आहे, आणि कंसात 'कॅनडा'.

दादाला मी फोनवर म्हटलं, शिक्षणहक्काचा कायदा लहान मुलांना एका किलोमीटरच्या आत शाळा देतो, तू पाच किलोमीटर चालवतोयस. तो म्हणाला, "पोरंच नाहीत रे तिथे. कायदा कुणाला लावणार?" हे खोटं नाही. 2001 ते 2011 मध्ये अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे 80 हजारांनी घटली. महाराष्ट्र वाढत होता आणि आम्ही घटत होतो. वाडीत 31 घरं, त्यातली 19 कुलूपबंद. गणपतीत आणि शिमग्याला कुलपं निघतात, पालखी घरोघर नाचते, आणि पाच दिवसांनी पुन्हा कुलपं. या 19 घरांत माझं एक आहे, दादाचं एक. आमची पोरं तिथे असती तर पट दहावर गेला असता.

आता जे ग्रुपवर लिहिणार नाही ते. गेल्या मार्चमध्ये आमच्या इथल्या हॉलमध्ये सभा झाली. गावाची ग्रामपंचायत विसर्जित करून आरएममध्ये, म्हणजे आसपासच्या ग्रामीण भागाच्या पालिकेत, सामील व्हायचं का, असा प्रश्न होता. प्रांताच्या नैऋत्येच्या रॉबसार्ट गावाने 2002 मध्ये हेच केलं. आमच्याकडे पाण्याची पाइपलाइन जुनी झालीय, दुरुस्तीचा आकडा ऐकून सगळे गप्प झाले. एक म्हातारा उठला. त्याच्या आजोबांनी इथला पहिला एलिव्हेटर चालवला होता. तो एवढंच म्हणाला की नकाशावरून नाव गेलं तर पत्र कुठे यायचं. कुणी काही बोललं नाही, तेव्हा मी बोललो. मी म्हटलं, 47 माणसांसाठी एवढा खर्च योग्य नाही. चांगलं बोललो, असं दोघातिघांनी नंतर सांगितलंही. हात वर करायची वेळ आली तेव्हा मी वर केला. त्या म्हाताऱ्याने माझ्याकडे बघितलं, रागाने नाही. पाव्हणा बोलला तर यजमान जसा बघतो तसं.

गावात मी नऊ वर्षं राहतोय. मुलीचा पाचवा वाढदिवस त्याच हॉलमध्ये झाला. तरी त्या क्षणी मला गाव आपलं वाटलं नाही, म्हणून हिशोब इतका सोपा गेला. वाडीबद्दल मात्र मला हिशोब सहन होत नाही. आणि दादा वाडीचा हिशोब करू शकतो, याचा मला एवढा राग का येतो, हेही काही मला कळत नाही असं नाही. मी सहा वर्षांत गावी गेलेलो नाही. तो दर मे महिन्यात जातो. आपली कौलं चाळतो, आमचीही चाळतो. यंदा वानरांनी आमच्या पडवीवरची कौलं फोडली, तर त्याने माणूस लावून बदलून घेतली आणि फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, "सात हजार झाले. अर्धे तू दे." तो फोटो शाळेच्या भांडणात वर गेला, आज शोधून काढला. पैसे अजून पाठवायचे आहेत. किल्ली त्याच्याकडेच आहे.