तालुक्याच्या गावाला एटीएम असतं, पैसे नसतात

माणदेशात आमच्या गावाकडं गेलं की दर वेळी तेच. एटीएमच्या काचेला वहीच्या कागदावर चिकटवलेलं: 'मशीन बंद आहे'. कधीपासून, कधीपर्यंत, काही नाही. तो कागद पिवळा पडलाय, म्हणजे काय ते समजा. आत एसी मात्र गारेगार, आणि त्या गारव्याला कुत्रं पसरलेलं. त्याला तरी सोय झाली म्हणायची.

दुसरं मशीन स्टँडच्या पलीकडं. तिथं कार्ड घालायचं, पिन दाबायचा, घरघर ऐकायची आणि शेवटी 'रोकड उपलब्ध नाही'. अरे, मग आधी सांगा ना! मागं पंधरा जण रांगेत उभे, आणि प्रत्येकाला वाटतं आपल्याला मिळतील.

रिझर्व्ह बँकेनं १ ऑक्टोबर २०२१ पासून नियम केलाय: महिन्यात १० तासांहून जास्त वेळ एटीएममध्ये रोकड नसली तर बँकेला त्या मशीनमागं १०,००० रुपये दंड. आमच्याकडं आठवडी बाजाराच्या एका दिवसातच हे १० तास भरत असतील.

'फोन पे करा की' म्हणणाऱ्यांनी एकदा यावं. भाजीवालीकडं कोड लावलेला असतो, रेंज नसते. बाजारभर मोबाईल वर धरून फिरणारी माणसं बघा. वडापवाला, म्हणजे शेअर जीपवाला, तर सरळ म्हणतो, "सुट्टे असतील तरच बसा."

बँकेत विचारलं तर साहेब म्हणाले, "गाडी आली नाही." कुठली गाडी, कधी येणार? "सोमवारी बघा." सोमवारी आम्ही पुण्यात असतो, साहेब!